आधी ओल काढू, मग चुना : नाताळपूर्व घरदुरुस्तीसाठी मंडळीचे आवाहन

प्रिय बंधुभगिनींनो,

ख्रिस्तात सलाम.

नाताळ जवळ आला की मंडळीतल्या विधवा आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी रंगाचे डबे, पडदे, चादरी येऊ लागतात. देणाऱ्यांच्या मनाबद्दल शंका नाही. पण ओल्या भिंतीला दिलेला रंग पुढचा श्रावण बघत नाही. डिसेंबरात घर लखलखीत, ऑगस्टात पोपडे जमिनीवर, आणि पुढच्या नाताळाला पुन्हा तेच डबे. म्हणून यंदा घरदुरुस्ती समितीची मागणी थोडी रूक्ष आहे. आम्हाला सिमेंट हवंय, खडी हवीय, पत्र्याचे स्क्रू आणि वायसर हवेत, गवंड्याची मजुरी हवीय. रंगाचं शेवटी बघू.

चार घरं ठरवली आहेत. दोन पक्क्या विटांची, वर पत्रा, एक मातीच्या भिंतींचं धाब्याचं, एक स्लॅबचं. घर निवडताना कोण चर्चला येतं आणि कोण येत नाही हे पाहिलेलं नाही. चारपैकी एक घर ख्रिस्ती कुटुंबाचं नाही, ते शेजारचं आहे आणि त्याचं पाणी आमच्याच भिंतीत मुरतं. घरकुलाच्या यादीत ज्यांचं नाव लागलंय त्यांचं काम हाती घेतलेलं नाही, कारण नवं घर बांधताना जुनं पाडलं जातं आणि दुरुस्तीचा पैसा मातीत जातो. आपल्यातल्या बऱ्याच कुटुंबांचा प्रश्न वेगळाच आहे. रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे; १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती अनुसूचित जातीत धरले जात नाहीत, त्यामुळे तो दरवाजा त्यांना बंदच.

आता ओलीबद्दल सविस्तर, कारण निम्मा पैसा तिथेच जाणार आहे.

भिंत खालून तीन फुटांपर्यंत खारली असेल, पांढरी भुकटी सुटत असेल, तर पाणी जमिनीतून वर चढतंय. वीट आणि गिलावा ते शोषून घेतात, पाणी हवेत उडून जातं आणि त्यातला खार मागे राहतो. तोच खार फुगून रंग सोलून काढतो. बहुतेक घरांत याचं मूळ घराबाहेर सापडतं. वर्षानुवर्षे अंगणात माती, राख, मुरूम पडत जातो आणि अंगण घरातल्या फरशीपेक्षा उंच होतं. मोरीचं पाणी भिंतीलगत सोडलेलं असतं. पत्र्याला पन्हाळ नसते, म्हणून वळचणीचं पाणी थेट पायाशी पडतं. आतून कितीही महागडं केमिकल लावा, बाहेरचं पाणी हटलं नाही तर ओल परत येणारच.

म्हणून पहिलं काम कुदळ-फावड्याचं. घराभोवतीची माती फरशीच्या पातळीपासून निदान सहा इंच खाली उतरवायची. मोरीचा पाइप भिंतीपासून दूर शोषखड्ड्यात न्यायचा. मग घराभोवती दोन फूट रुंद, तीन इंच जाड काँक्रीटचा पट्टा, खाली मुरूम ठोकून. उतार बाहेरच्या बाजूला, दोन फुटांत एक इंच. १० बाय २० फुटांच्या घराला १:३:६ च्या मालात (एक भाग सिमेंट, तीन वाळू, सहा खडी) साडेचार ते पाच गोण्या सिमेंट, सतरा घनफूट वाळू आणि चौतीस घनफूट खडी लागते. उतार उलटा पडला तर पट्टा नसलेला बरा, कारण मग पाणी भिंतीला टेकूनच साचतं. उताराची पातळी तपासल्याशिवाय माल टाकू नका असं गवंड्याला आधीच बजावलेलं आहे.

आतला खारलेला गिलावा फरशीपासून तीन फुटांपर्यंत काढायचा. खाराची खूण जिथे संपते त्याच्या वर आणखी वीतभर. विटा उघड्या करायच्या, सांधे अर्धा इंच खरवडायचे, तारेच्या ब्रशने खार कोरडाच झाडायचा. पाण्याने धुतला तर तो पुन्हा विटेत शिरतो. काही आठवडे भिंत उघडीच ठेवायची. दिसायला वाईट दिसते आणि घरातली माणसं वैतागतात, पण हीच पायरी गाळली जाते म्हणून काम फसतं. त्यानंतर १:४ चा गिलावा, एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. याच घराच्या बाहेरच्या भिंतींची आतली बाजू धरली तर साधारण १८० चौरस फूट होतात. त्याला अडीच गोण्या सिमेंट, बारा-तेरा घनफूट वाळू आणि गोणीमागे २०० मिलिलिटर वॉटरप्रूफिंग द्रावण. द्रावण जास्त ओतलं म्हणून भिंत जास्त टिकत नाही. वाळू मातकट असेल तर चाळून, धुऊन घ्यायची. गिलाव्यावर सात दिवस पाणी मारायचं. टँकरच्या गावात हे जड जातं हे ठाऊक आहे, म्हणून ओलं गोणपाट भिंतीला लावून ठेवणार. पाणी कमी लागतं. कोणाकडे जुने बारदान पडले असतील तर तेही द्या.

बायबलमधल्या लेवीयच्या १४ व्या अध्यायात घराच्या भिंतीला पडलेल्या हिरवट-तांबूस चट्ट्यांबद्दल जे सांगितलंय ते यानिमित्ताने पुन्हा वाचावं. घरातलं सामान आधी बाहेर काढा, याजकाने येऊन पाहावं, घर सात दिवस बंद ठेवावं, चट्टा पसरला असेल तर ते धोंडे काढून नगराबाहेर टाकावे, आतून सगळीकडे खरवडावं, दुसरे धोंडे बसवावे, दुसऱ्या मालाने लिंपावं. त्यानंतरही चट्टा उलटला तर घर पाडावं. चट्ट्यावर काहीतरी फासून तो झाकावा असं त्यात कुठेही नाही. देवाच्या नियमशास्त्राने गरिबाच्या भिंतीतल्या बुरशीची एवढी बारकाईने दखल घ्यावी, आणि ती पाहायला याजकाने स्वतः उंबरा ओलांडावा, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. आमचे पाळकही चारही घरांत जाऊन भिंतींना हात लावून आले आहेत. उलट बाजूही शास्त्रात आहे. यहेज्केलच्या १३ व्या अध्यायात कच्च्या भिंतीला चुना फासणाऱ्यांवर देव रागावतो, कारण पाऊस आला की ती भिंत पडणार असते.

मातीच्या घराला वरचं काहीही लागू नाही. तिथे सिमेंट लावायचंच नाही. पांढऱ्या मातीची भिंत पाणी घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, माती आणि गिलावा एकमेकांना सोडतात, बोटाने वाजवलं तर पोकळ आवाज येतो आणि एक दिवस अख्खा थर खाली येतो. कोणी भलेपणाने त्या घरासाठी सिमेंट दिलं तर ते पट्ट्याच्या कामाला वळवू. त्या घराला हवी आहे पांढरी माती, गव्हाचा भुसा आणि शेण. पाच पाट्या माती, एक पाटी भुसा, एक पाटी शेण, पाणी घालून पायांनी तुडवायचं आणि आठवडाभर मुरू द्यायचं. लिंपल्यावर भेगा पडल्या तर माती फार चिकट आहे असं समजावं आणि थोडी वाळू मिसळावी. महिला मंडळातल्या वडीलधाऱ्या बायांचा हात यात कोणत्याही गवंड्यापेक्षा चांगला आहे. त्यांनी एक शनिवार दिला तर घर लिंपून होईल. धाब्यावरची माती नवी घालून चोपायची आहे आणि पाणी जायला पत्र्याची पन्हाळ बसवायची आहे. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी पक्षघाती माणसाला छप्पर उकरून खाली सोडलं, ते छप्पर साधारण असंच असणार. नंतर ते कोणी बुजवलं हे लिहिलेलं नाही, पण कोणीतरी बुजवलंच असेल.

पत्र्याच्या घरांत गळतीच्या जागा पाऊस चालू असतानाच खडूने खुणा करून ठेवल्या आहेत. पाणी जिथे टपकतं तिथे भोक असेलच असं नाही. ते आतल्या पाइपवरून चारचार फूट पळतं. बहुतेक गळती स्क्रूपाशी असते. उन्हाने रबरी वायसर कडक होतो, तडकतो, आणि पाणी स्क्रूच्या अंगावरून आत येतं. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर हवा. खोलगटात मारला असेल तर ते भोक टेप लावून बंदच करायचं आणि नवा स्क्रू बाजूच्या उंचवट्यावर घ्यायचा. एका पत्र्याला दहा ते पंधरा स्क्रू लागतात. आवळताना वायसर नुसता दबला पाहिजे. चेपून बाहेर आला तर दोन उन्हाळ्यांत फाटतो. जुन्या भोकांवर डांबर ओतायची पद्धत आहे, ती कृपया नको. उन्हात डांबर घसरतं, थंडीत तडकतं, आणि नंतर त्यावर टेपही चिकटत नाही. पत्र्यावर दगड ठेवणं त्याहून वाईट. वळवाच्या वाऱ्याला पत्रा उडू नये म्हणून खालचे पाइपच लोखंडी पट्टीने भिंतीत बांधून घेणार आहोत. दोन घरांत मधला एक पत्रा काढून पारदर्शक फायबरचा घालायचा आहे. दिवसा स्वयंपाकघरात दिवा लावावा लागणार नाही. एका घरावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता आहे, म्हणून तरुण संघातल्या मुलांनी त्यांना हात लावायचा नाही. ते कोरडे कापणं, घासणं, फोडणं छातीला घातक असतं. ते काम जाणकार माणसाकडूनच, पत्रे ओले ठेवून.

स्लॅबच्या घराला कठडा नाही आणि गच्चीवर नातवंडं खेळतात. अनुवादाच्या पुस्तकात २२:८ मध्ये नवं घर बांधताना धाब्याला कठडा करावा असं स्पष्ट सांगितलंय, कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये म्हणून. तीन फूट उंचीचा कठडा घेतोय. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे मालाची गोलाई करून घ्यायची, कारण पाणी त्याच कोपऱ्यात शिरतं. त्याच घरातल्या आजींसाठी मोरीत एक मजबूत दांडी, जमिनीपासून अडीच ते पावणेतीन फुटांवर, आणि गुळगुळीत फरशीच्या जागी खरखरीत. शहाबादीचे उरलेले तुकडे चालतील, आकार कसाही असो. वीजजोडणीचं काम परवानाधारक वायरमनच करेल: दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, मोठ्या सॉकेटला अडीचची, अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. ओल्या भिंतीच्या घरात हा शेवटचा खर्च वाचवायचा नसतो.

मग चुना. तो कधी लावायचा हे तारीख पाहून ठरणार नाही, भिंत पाहून ठरेल. फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी पाहायचा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर थांबायचं. कळीचा चुना आदल्या रात्री लोखंडी पिंपात विझवायचा. प्लॅस्टिकची बादली वितळते, आणि चुन्यावर पाणी ओतताना तोंड जवळ न्यायचं नाही. चष्मा घालूनच हे काम करायचं, मुलांना लांब ठेवायचं. किलोला पाच लिटर पाणी, फडक्यातून गाळून, त्यात कढवलेला डिंक आणि नखभर नीळ. १० बाय १० च्या खोलीच्या भिंतींना तीन हातांसाठी आठ-दहा किलो कळी पुरते. भिंतीवर आधी पाणी शिंपडायचं, नाहीतर चुना अंगाला लागतो. खालच्या तीन फुटांवर ऑइलपेंटचा पट्टा मारायची हौस बऱ्याच घरांना असते, पुसता येतो म्हणून. त्याला आम्ही नकार देणार आहोत. ओल त्याच्यामागे कोंडून फुगे येतात.

गवंडी आणि वायरमन यांना फुकट काम मागायचं नाही असं समितीने ठरवलं आहे. ते आपल्याच मंडळीतले असले तरी त्यांची चूल रोजावर चालते, आणि मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको असं लेवीय १९:१३ सांगतं. हाताखालची कामं, माती काढणं, गिलावा पाडणं, पाणी मारणं, ही मात्र तरुण संघाची. शनिवारी सकाळी आठला चर्चच्या आवारात जमायचं, पायात बूट हवेत.

देणगी वस्तूत द्या किंवा पैशांत. वस्तूत द्यायची तर सिमेंटची गोणी आधी विचारून आणा. गोणी पावसाळ्यात साठवलेली असेल तर ती दगड झालेली असते, आणि गाठी फोडून ती वापरता येत नाही. साडेतीनशे-चारशे रुपयांत एक गोणी येते, म्हणजे एखाद्या कुटुंबाला एका गोणीचाही वाटा उचलता येईल. हंगामाच्या सणाला धान्य आणणाऱ्यांनी या वेळी एक पायली कमी आणून एक डबा स्क्रू आणला तरी अर्पणच आहे. पैशांसाठी वेदीजवळ कुलूपबंद पेटी ठेवली आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात मंदिराच्या दुरुस्तीसाठी यहोयादा याजकाने झाकणाला भोक पाडलेली अशीच पेटी ठेवली होती, आणि तिच्यातला पैसा राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून मोजत. तिथे कारागिरांना पैसे देणाऱ्या मुकादमांकडून हिशेब मागत नसत, इतके ते विश्वासू होते. आम्ही तेवढी सूट घेणार नाही. पेटी दोघांच्या समोर उघडेल, प्रत्येक बिलाची प्रत सूचना फलकावर लागेल, आणि पाचशेच्या वरच्या देणगीला पावती मिळेल.

जुने पत्रे, अर्धे वापरलेले रंगाचे डबे आणि तुटक्या खिडक्या कृपया आणू नका, ठेवायला जागा नाही. जुनं पण चांगलं दार, चौकटीसह, एक हवं आहे: साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद. कोणाकडे असेल तर रविवारी भक्तीनंतर समितीतल्या कोणालाही सांगा, आम्ही माप घ्यायला येऊ.

आपल्या सेवेत,
घरदुरुस्ती समिती