रविवारच्या मोन्झा रेसआधी एवढं वाचा रे

मंडळी, या रविवारी आपली गेममधली ऑनलाइन रेस मोन्झाला (इटलीतला ट्रॅक) आहे आणि मागच्या वेळी पहिल्याच शिकेनला (चिकन नव्हे, लागोपाठची उलटसुलट वळणं) काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, निम्म्या गाड्या गवतात आणि उरलेल्या पिटमध्ये (दुरुस्तीच्या जागी). स्टार्टनंतर लांबच लांब सरळ पट्टा, मग एकदम पहिल्या-दुसऱ्या गिअरचं वळण, त्यात टायर थंड आणि पुढच्याच्या मागे हवा कमी लागत असल्याने गाडी नेहमीसारखी थांबत नाही, म्हणून पहिल्या लॅपला प्रॅक्टिसमधल्या खुणेच्या बरंच आधी ब्रेक मारा. तिथे रेस जिंकत कोणी नाही, हरतात मात्र बरेच.

आत घुसायचं असेल तर वळायला लागायच्या आधी समोरच्याच्या बाजूला नीट पोचलेले असा, शेवटच्या क्षणी नाक खुपसून नंतर 'जागा का नाही दिली' म्हणून व्हॉइसवर ओरडू नका. आणि नेटचा लॅग असतो, तुमच्या स्क्रीनवर वीतभर अंतर दिसतं ते त्याच्या स्क्रीनवर टक्कर असू शकते, तेव्हा अंगाला अंग घासू नका.

स्पिन झालात तर ब्रेक दाबून जागेवर थांबा, मागचे तुम्हाला चुकवून जातील. ट्रॅकवर परत येताना मागे बघून, रेसिंग लाइन (सगळे वेगात जातात तो मार्ग) सोडून या. निळा झेंडा (म्हणजे एक फेरी पुढे असलेली गाडी मागून येतेय) दिसला की दचकून ब्रेक मारू नका, आपली लाइन धरा, सरळ पट्ट्यावर थोडा अ‍ॅक्सिलरेटर सोडा.

भांडण रेसनंतर, रिप्ले बघून. चॅट टायपत गाडी चालवणाऱ्यांनो, कळलं ना कोणाला म्हणतोय?