टाकी दोन फुटांची, मासा सव्वा फुटाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत गृहसजावटीच्या पानावर समुद्री फिश टँकवरचा लेख वाचला. फोटो झकास होता. मजकुराबद्दल मात्र लिहिणं भाग आहे, कारण मी ठाणे-मुलुंड पट्ट्यात घरोघरी, दवाखान्यांत आणि हॉटेलांत टँकची देखभाल करतो आणि असं काही छापून आलं की पंधरा-वीस दिवसांत माझा फोन वाजायला लागतो.

लेखात म्हटलं आहे की एंजेल फिश दोन फुटी टाकीतही मजेत राहतो. गोड्या पाण्यातल्या एंजेलच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. तो अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, वेगळ्याच कुळातला मासा. तुम्ही फोटो छापलात तो खाऱ्या पाण्यातल्या एम्परर एंजेलच्या पिल्लाचा. गडद निळं अंग, त्यावर एकात एक पांढरी वलयं. दुकानात ते बोटाएवढं असतं आणि त्याच्यासमोरून गिऱ्हाईक हलत नाही. ते आठ-दहा सेंटिमीटरचं झालं की वलयं जाऊन पिवळे-निळे पट्टे उमटायला लागतात. हे दोन अवतार इतके वेगळे की पूर्वी शास्त्रज्ञांनीच पिल्लाला निराळी जात समजून निकोबारवरून त्याचं नाव ठेवलं होतं. पूर्ण वाढ ४० सेंटिमीटर. त्याला सहा फुटी, सातशे-आठशे लिटरची टाकी लागते आणि नीट सांभाळला तर तो पंधरा वर्षांच्या वर जगतो. दोन फुटी टाकीत पाणी मावतं साठ-सत्तर लिटर.

एका दातांच्या दवाखान्यात तीन फुटी टाकीत असाच एक एम्परर होता. पट्टे पूर्ण उमटलेले, डोळ्यांवरून काळी पट्टी. दोनदा शेपटी हलवली की समोर काच, पुन्हा वळायचं. कोणी अगदी काचेला नाक लावून उभं राहिलं की आतून ठक्-ठक् आवाज यायचा. पेशंटना वाटायचं मोटर बिघडली. मोटर ठीक होती, डिवचलं की हा मासाच तसा आवाज काढतो. शेवटी त्याला हलवायचं ठरलं, तेव्हा तिथल्या मदतनिसाने जाळी पुढे केली. म्हटलं, ठेव ती बाजूला. एंजेलच्या गालावर, कल्ल्याच्या झाकणाशी, मागे वळलेला एक काटा असतो. जाळीत तो अडकला तर मासा सोडवायला जाळी कापावी लागते. पारदर्शक डबा पाण्यात बुडवून, हळूहळू कोपऱ्यात घेऊन, पाण्यासकट उचलावा लागतो. अर्धी सकाळ त्यात गेली. एका हॉटेलच्या लॉबीतल्या मोठ्या टाकीत त्याची सोय लागली, पण दर वेळी अशी जागा मिळत नाही. मग लोक विचारतात, ‘जुहूला सोडून येऊ का?’ कृपा करून नको. दुकानातून आलेला मासा सोबत दुकानातले रोगही घेऊन जातो.

लेखात पुढे ‘जिवंत प्रवाळांवर बागडणारे एंजेल’ असं वर्णन आहे. समुद्रात हे मासे मुख्यतः स्पंज आणि खडकाला चिकटलेले तत्सम जीव टोचत हिंडतात. टाकीत स्पंज नाही, मग मांसल प्रवाळ, झोअँथिड (प्रवाळांचेच बटणासारखे भाईबंद), शिंपले यांच्यावर तोंड मारतात. एकदा का चव लागली की संपलं. शिवाय आपल्याकडे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. मालवणच्या खडकांवरून कोणी ‘एक छोटा तुकडा’ आणून दिला तरी तो गुन्हाच. गृहसजावटीच्या पानावर याचा एका ओळीत तरी उल्लेख हवा होता.

हौस करूच नये असं मी म्हणत नाही, माझं पोटच त्यावर आहे. चार फुटी टाकी असेल, तिच्या पाण्याची घडी नीट बसलेली असेल, तर कोरल ब्यूटीसारखा बोटभर वाढणारा एंजेल छान राहतो. कधी टोचाटोची करतो, कधी नाही, ज्याची त्याची तऱ्हा. स्वॉलोटेल जातीचे एंजेल मोकळ्या पाण्यातलं प्लवक, म्हणजे तरंगणारे बारीक जीव, खातात, त्यामुळे ते प्रवाळांच्या वाटेला सहसा जात नाहीत, पण त्यांना पोहायला लांबी हवी. रीगल एंजेल दिसायला राजा, पण तो कुणीही आणला की माझ्या पोटात गोळा येतो. नव्या टाकीत बरेचसे रीगल अन्नाला तोंडच लावत नाहीत आणि डोळ्यांदेखत खंगत जातात.

यातले बहुतेक मासे आजही समुद्रातूनच पकडून येतात. फिलिपिन्स-इंडोनेशियाच्या खडकांत सायनाइड फवारून मासे गुंगवण्याची पद्धत १९६० च्या दशकापासून चालत आलेली आहे. असा मासा वरून धडधाकट दिसतो आणि घरी आणल्यावर बऱ्याचदा काही दिवसांत मरतो. गिऱ्हाईक खापर पाण्यावर फोडतं, नाहीतर माझ्यावर.

म्हणून दुकानदारांनी प्रत्येक टाकीवर तीन गोष्टी मराठीत लिहाव्यात अशी मागणी करतो: मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, कुठून आला, आणि सध्या काय खातो. किमतीची चिठ्ठी चिकटवतातच, तिच्याखाली दोन ओळी वाढवायला खर्च नाही. गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधी माशाला समोर खायला घालायला सांगावं. ‘घरी गेला की खाईल’ असं उत्तर आलं तर रिकाम्या हाताने परत यावं.

आणि आपण पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच फोटोखाली ‘पूर्ण वाढ ४० सेंटिमीटर’ एवढं छापलंत तरी माझे निम्मे फोन कमी होतील. धंद्याचं तेवढं नुकसान मी सोसेन.

– एक वाचक, ठाणे (पश्चिम)