सेकंड हँड गाडीच्या मालकाला ‘रिकॉल’ कळवणार कोण?

महोदय,

एखाद्या कंपनीने सदोष सुट्या भागासाठी मोटारी परत मागवल्या, म्हणजेच ‘रिकॉल’ केल्या, की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर ती बातमी ‘ही गाडी घेऊ नका’ अशा शेऱ्यासह फिरू लागते. कर्ज काढून पहिलीच लहान मोटार घेणारे कुटुंब त्यामुळे धास्तावले तर नवल नाही. मात्र, परत मागवलेली मोटार म्हणजे वाईट मोटार, हे समीकरण बाजारात टिकलेले दिसत नाही. मारुतीने इंधनाच्या नळीत दोष असल्याच्या शक्यतेवरून ऑगस्ट २०१९ मध्ये ४०,६१८ वॅगन-आर आणि पुढच्याच वर्षी इंधन पंपासाठी वॅगन-आर व बलेनो मिळून १,३४,८८५ मोटारी तपासणीसाठी बोलावल्या. तरीही २०२४-२५ या आर्थिक वर्षात वॅगन-आर हीच देशात सर्वाधिक खपलेली मोटार ठरली. याउलट, नॅनोने पेट घेतल्याच्या घटनांनंतर टाटा मोटर्सने २०१० मध्ये जादा संरक्षक भाग मोफत बसवून देऊ केले, पण त्याला ‘रिकॉल’ म्हणायचे कटाक्षाने टाळले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अवघ्या ५०९ नॅनो विकल्या गेल्या. कर्जपुरवठ्यासारखी इतर कारणेही होतीच. पण शब्द टाळल्याने ग्राहकाची भीती टळली नाही, एवढे मान्य करावे लागेल.

नवी गाडी घेणाऱ्याची सोय तरी होते, कारण त्याचा मोबाइल क्रमांक कंपनीकडे असतो आणि सर्व्हिस सेंटरमधून त्याला फोन येतो. खरी अडचण सेकंड हँड गाडी घेणाऱ्याची आहे, आणि मुंबईत लहान मोटारींचा हा व्यवहार काही थोडाथोडका नाही. दलाल टायर नवे असल्याचे सांगतो, विमा चालू असल्याचे सांगतो, ‘सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी’ हेही न विचारता सांगतो (मुंबईतल्या डॉक्टरांनी इतक्या गाड्या कधी घेतल्या, देव जाणे). त्या गाडीचे एखादे रिकॉलचे काम बाकी आहे का, हे मात्र तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. कंपनीचा निरोप जुन्या मालकाच्या फोनवर जातो. त्याने गाडी विकलेली असल्याने तो निरोप तिथेच संपतो. आरसीवरचा सतरा अक्षरांचा चॅसी क्रमांक बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर टाकला की ही माहिती दोन मिनिटांत मिळते, पण ती सोय आहे हेच अनेकांना ठाऊक नसते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यात कंपनीला दंडाची तरतूद आहे. परंतु ही सक्ती सात वर्षांच्या आतील वाहनांपुरतीच आहे. जुन्या बाजारातल्या कितीतरी अल्टो आणि सँट्रो त्यापलीकडच्या आहेत.

नाव हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० भरताना आरटीओ विमा पाहते, पीयूसी पाहते. त्याच वेळी चॅसी क्रमांकावरून रिकॉलची स्थिती तपासून, काम बाकी असल्यास नव्या मालकाला लेखी कळवणे आणि त्याचा मोबाइल क्रमांक कंपनीपर्यंत पोहोचवणे वाहन नोंदणीच्या ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीतून अशक्य नसावे. परिवहन विभागाने ताडदेव, अंधेरी, वडाळा आणि बोरिवली येथील कार्यालयांपासून याची सुरुवात करावी, ही विनंती.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई