२१ नोव्हेंबर

दादर, मुंबई

प्रिय सुधीर,

"गोळीबार झाला की चळवळ संपते, लोक घाबरून घरी बसतात," हे तुझ्या पत्रातलं वाक्य काही केल्या मनातून जाईना. म्हणून सकाळीच हुतात्मा चौकात जाऊन आलो. मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराच्या पायाशी झेंडूचे हार पडले होते.

१९५५ साली याच तारखेला माझे आजोबा गिरणीतून थेट इथल्या, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या मोर्चात आले होते. अश्रुधुराने डोळे फुटायची वेळ आली, तेव्हा एका इराणी हॉटेलवाल्याने बादलीभर पाणी दारात ठेवलं आणि त्यात धोतराचा सोगा भिजवून त्यांनी डोळ्यांवर धरला. मग गोळ्या सुटल्या. १५ माणसं गेली. रात्री आजीने त्यांना शपथ घातली, पुन्हा मोर्चाला जायचं नाही. आणि जानेवारीत नेहरूंनी मुंबई केंद्रशासित होणार म्हणून सांगितलं, तेव्हा चाळीतल्या बायकांबरोबर रस्त्यावर उतरली ती हीच आजी!

आपल्या लोकांचंही चुकलं, हे मी लपवत नाही. मोर्चाच्या आदल्या दिवशी चौपाटीवरची काँग्रेसची सभा उधळली, जानेवारीत दगडफेक, जाळपोळ झाली. मुख्यमंत्री मोरारजीभाई देसाईंच्या सरकारला बंदूक चालवायला तेवढं निमित्त पुरलं. पण प्रेतं वाढली तशी एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एकत्र आली. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, आंबेडकरांचं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन अशा सगळ्यांची मिळून संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. चिंतामणराव देशमुखांनी गोळीबाराच्या चौकशीचा आग्रह धरत अर्थमंत्रिपद सोडलं. १९५७ च्या निवडणुकीत तर पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला पार झोपवलं. विदर्भ आणि गुजरात होते म्हणून सरकार तगलं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ३० नोव्हेंबर १९५७ चा दिवस. शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी नेहरू प्रतापगडावर आले, तेव्हा पसरणीच्या घाटात हजारो माणसं काळे झेंडे घेऊन उभी होती. समितीच्या पुढाऱ्यांनी माणसं आवरली, तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी पोलीस आवरले. दोन वर्षांपूर्वीचं रक्त दोघांच्याही डोळ्यांसमोर होतं, म्हणूनच हे जमलं असं मला मनापासून वाटतं. अडीच वर्षांत, १ मे १९६० ला, राज्य झालं.

आजी तो दिवस सांगताना पेढ्यांचं बोलायचीच नाही. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंचं दार दिवसभर बंद होतं, एवढंच सांगायची. त्यांचा मुलगा ५६ च्या जानेवारीत, गोळीबारात गेला होता.

तुझा,
अनिल