भावा, जुना ट्रॅक्टर घेतलास म्हणे

भावा,

रात्री तुझा फोटो बघितला. हार घातलेला ट्रॅक्टर आणि पुढं तू टोपी घालून उभा, लय भारी वाटलं. मीटरवर १८०० तासच झालेत म्हणून खूश आहेस, पण मीटरवर जाऊ नको रे. केबलचा जुना मीटर इंजिनच्या आरपीएमवर पळतो, स्लो ठेवलं की घड्याळाचा तास झाला तरी मीटरचा भरत नाय, आणि मधे केबल तुटून वर्षभर तसाच हाणला असंल तर आपल्याला कोण सांगणार? मी फोटो मोठा करून क्लचच्या पायडलचं रबर बघितलं, पार गुळगुळीत. म्हंजे आधीचा गडी क्लचवर पाय ठेवूनच चालवत असणार. तू ती सवय लावून घेऊ नको, पाय नुसता टेकला तरी बेअरिंग फिरत राहतं, प्लेट घसरते नि जळते, आणि क्लच बदलायचा तर ट्रॅक्टर मधनं फोडून दोन तुकडे करावे लागतात.

दुसरं म्हंजे एअर क्लीनर. ऑइलवाला असंल तर खालची वाटी काढून बघ, तळाला चिखल बसला असंल तर डिझेलनं धुवून नवं ऑइल टाक, खुणेपर्यंतच, वर भरलंस तर इंजिन तेच ऑइल ओढतं. एरवी आठवड्यानं चालेल, पण उन्हाळ्यात रोटर (रोटाव्हेटर) मारताना जी धूळ उडते तेव्हा रोज बघायचं. हे मी माझ्या कर्मानं शिकलोय. त्या वर्षी पेरणीच्या गडबडीत महिनाभर वाटी उघडलीच नाय, मग काळा धूर, पिकअप नाय, ऑइल खायला लागला. मिस्त्रीनं हेड खोललं, लायनरवर, म्हंजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीवर, नख फिरवलं आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. लायनर, पिस्टन, रिंगा सगळं नवं. तेवढ्यात एक बरी म्हैस आली असती, आणि हे बायकोनं दहा वेळा ऐकवलंय.

टाकी तळाला जाऊ देऊ नको. एअर धरली, म्हंजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली, की सेल (स्टार्टर) मारत बसू नको, बॅटरी उतरते. डिझेल फिल्टरवरचा छोटा स्क्रू ढिला कर, हातपंप मार, आधी फेस येईल, मग बिनबुडबुड्याचं डिझेल आलं की आवळ. तरी चालू नाय झाला तर इंजेक्टरच्या पाइपांचे नट थोडे ढिले करून सेल मारायचा, डिझेल आलं की आवळायचे. या स्क्रूला नि नटांना बसणारे पाने टूलबॉक्समधे कायम ठेव. मी एकदा रात्री अकराला उसाच्या फडात पान्यावाचून बसलोय, वर डास.

आणि ट्रॉली लावून रस्त्याला निघायच्या आधी दोन्ही ब्रेकचे पायडल लॉक कर. शेतात बांधाला वळताना एकेक वापरतो आपण, ते तसंच विसरून रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर आडवा जातो, मागनं भरलेली ट्रॉली ढकलतेच. उसाच्या सीझनला हे मी डोळ्यानं बघितलंय, जास्त लिहित नाय. रोटरचा शाफ्ट फिरत असताना तर जवळ जायचंच नाय, मिनिटाला ५४० फेरे, गळ्यातला टॉवेल गुंतला तर सोडवायला वेळ मिळत नसतो. काकांना सांग, ते तसेच टॉवेल सोडून वाकतात. मी सांगितलं तर चिडतात, तुझं ऐकतील.

रेडिएटरची जाळी भुशानं चोंदली असंल, ब्रशनं झाड. पण झाकण तापलेलं असताना उघडू नको.

रविवारी येतो, ग्रीसगन माझीच आणतो, तुझ्या शेजाऱ्याची गळकी आहे. आणि ऑइल आत्ताच बदलू नको, दुकानदार काय पण म्हणू दे. जुनं ऑइल मला पट्टीवर बघायचंय. पांढरट दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, मग हार काढून ठेव आणि विकणाऱ्याला फोन लाव.

तुझाच,
बांधावरचा मिस्त्री