तिकीट पुढं ढकललंय

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या उजव्या डोळ्याला अजून धूसर दिसतंय, म्हणजे हे पत्र आईच वाचून दाखवणार. म्हणून अक्षर मोठं काढलंय. आई, आधी चष्मा शोध, डोक्यावरच असेल. हे फोनवर सांगायचं ठरवून तीनदा फोन लावला आणि तीनदा उकाड्यावर बोलून ठेवून दिला. तेव्हा कागदच बरा.

मी बारा तारखेला येत नाहीये. तिकीट चार महिने पुढं ढकललंय.

आता दोघं एकमेकांकडे बघू नका, पूर्ण ऐका. ऑपरेशनला मी असेन असं म्हणाले होते, ते विसरलेले नाही. पण माझ्यासाठी तारीख बदलायची नाही. दादानं आठवडाभराची रजा टाकलीये, थेंबांचं वेळापत्रक मी त्याला लिहून दिलंय. शिवाय पहिल्या डोळ्याच्या वेळी माझा काय उपयोग झाला? बाबा, तुम्हीच मला धीर देत बसला होतात. पैशांचंही बघितलंय, हिशोब दादाकडे आहे, मागून घ्या. नोकरी मी रुसून सोडली नाही, आणि तिथले लोक अजून विचारतात कधी येतेस म्हणून. मला पुढं बांदा बेटांवर जायचंय, इंडोनेशियात, अंबोनहून बोटीनं. तो समुद्र शांत असण्याचे महिने मोजके आहेत. आत्ता परतले तर पुन्हा एवढ्या लांब यायला मी निघणार नाही, हे मला माझंच माहीत आहे.

माझी काळजी करू नका. मालदीवच्या या बेटावर खोली स्वच्छ आहे, पंखा आहे, मच्छरदाणी आहे. पिण्याचं पाणी बाटलीचं. बेट इतकं लहान की संध्याकाळी एक फेरी मारली की संपतं, त्यामुळे हरवण्याचीही सोय नाही. घरमालकीण माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी आहे आणि मी ताटात काही ठेवलं तर तुझ्यासारखीच बघते, आई.

आता खाण्याचं. इथं मला जरा सांभाळून लिहावं लागणार आहे.

श्रीलंकेत पहिले दोन आठवडे मी तुम्हाला जे कळवलं ते खरं होतं, निदान मला तरी तसंच वाटत होतं. सकाळी कोळ केंद, म्हणजे पाल्याचा हिरवा रस, भात आणि नारळाचं दूध घातलेली पेज, सोबत कितुळ माडाच्या गुळाचा खडा. दुपारी भाताभोवती चार-पाच भाज्या. कोवळ्या फणसाची पोळोस तर तासन्‌तास मंद शिजवतात, मग ती काळपट आणि मऊ होते. नारळाचं दुसरं, पातळ दूध आधी घालायचं, पहिलं दाट दूध अगदी शेवटी. आणि प्रत्येक जेवणाला पोळ संबोल: खवलेलं खोबरं, मिरची, कांदा, लिंबू. मी त्याचं एवढं कौतुक केलं की शेवटी तिथल्या आजींनी मला स्वयंपाकघरात नेऊन करून दाखवलं. खलबत्त्यात त्या लाकडाच्या ढलपीसारखं काहीतरी कुटत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, उंबलकड. सुकवलेला टुना. मासे नकोत असं मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यांनीही ते मनापासून पाळलं होतं, कारण त्यांच्या लेखी तो मासा नव्हताच, मसाला होता. बऱ्याच भाज्यांतही चिमूटभर असायचा.

त्या रात्री मी जेवले नाही. दादाच्या डब्याचं ते प्रकरण आणि नंतरचे आठ दिवस आठवत पडून राहिले. सकाळी मात्र भूक लागली आणि मी पुन्हा संबोल मागितला. कुणी आग्रह केला नाही, नाइलाजही नव्हता. मला खावंसं वाटलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण नाइलाज होता असं सांगणं फार सोपं होतं.

आणि मग तो मासा येतो कुठून ते बघायला इथं आले. ही प्रवाळाची बेटं, वर वाळूचा पातळ थर, शेतीला जागा नाही. नारळ आणि समुद्र, एवढंच हक्काचं. म्हणून टुना उकडायचा, धुरी द्यायची, उन्हात दगडासारखा वाळवायचा; पूर्वी फ्रीज कुठून असणार. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथं काझी होता, त्यानंही हे लिहून ठेवलंय. उकडलेलं पाणीही फेकत नाहीत. ते गरुधिया नावाचं सार. तेच आटवत नेलं की काळपट, घट्ट रिहाकुरू होतो. त्याचा वास मला अजून झेपत नाही, उगाच कशाला खोटं बोलू. सकाळी मस हुनी: कांदा, मिरची, मीठ, लिंबू आधी हातानं चुरायचं, मग त्यात मासा आणि खोबरं, सोबत गरम रोशी. रोशी म्हणजे रोटी, मस म्हणजे मासा. भाषा लांबच्या नात्यातली निघाली.

एक दिवस धोनीतून, म्हणजे इथल्या होडीतून, मासेमारीलाही गेले. (हो, जीवरक्षक जाकीट घालून.) जाळं नसतं. जिवंत बारके मासे समुद्रात टाकतात, पाण्याचे फवारे सोडतात आणि काठीला बांधलेल्या गळानं एकेक टुना उचलून खांद्यावरून मागं फेकतात. गळाला उलटा काटा नसतो, मासा आपोआप सुटतो. फटाफट पडत असतात, रक्त उडतं. मला बघवलं नाही. तरी दुपारी खाल्ला. बाबा, याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा, मला उत्तर सापडलेलं नाही. प्रवाळातले मोठे शिकारी मासे मात्र मी टाळते. त्यांच्यात कधी कधी शिजवूनही न जाणारं विष असतं.

बाबा, तुमचा तो मोडक्या पाठीचा नकाशासंग्रह अजून आहे ना? मालदीवचे ठिपके मुंग्या समजून मी त्यावर फुंकर मारली होती आणि तुम्ही म्हणालात, जाणार नाहीत गं, देश आहे तो. बांदाही तुम्हीच दाखवलं होतंत: एके काळी जायफळ जगात फक्त तिथंच व्हायचं, आणि १६६७च्या तहात इंग्रजांनी बांदातल्याच रून बेटावरचा हक्क सोडला, डचांनी मॅनहॅटनवरचा. तुम्ही ते गमतीनं सांगायचात. त्याआधी १६२१ मध्ये डचांनी बांदातली बहुतेक माणसं मारली, गुलाम केली किंवा पळवून लावली, हे मी मोठेपणी वाचलं. मला ते जायफळाचं झाड बघायचंय. आणि साबूमाडाच्या खोडातल्या पिठाची पापेदा खायचीय. ती डिंकासारखी असते, काड्यांवर गुंडाळून घ्यायची आणि न चावता गिळायची. सोबत हळदीचा पिवळा रस्सा. माशाचाच.

आता सूचना. न्हाणीघरात दांडी बसवून घ्या, माणूस शनिवारी येईल, त्याला परत पाठवू नका. आई, स्टुलावर चढायचं नाही. माळ्यावर जे काय आहे ते चार महिने तिथंच राहील. बाबांच्या साखरेचे आकडे मला दर रविवारी हवेत, खरे. बाबा, ऑपरेशननंतर डोळा चोळायचा नाही आणि 'मला दिसतंय' म्हणून थेंब बंद करायचे नाहीत. फोन रात्री चार्जिंगला लावा. रागावला असाल तरी उचला.

तुमची,
चिमी

ता. क. आई, बाबांना वाचून दाखवताना माशाचा भाग गाळू नकोस. गाळला असशील तर मागं जा, 'आता खाण्याचं'पासून, आणि मोठ्यानं वाच.