करवंदं, लवंग आणि तुरटपणा

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया, रविवार

प्रिय मंजू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "वाइनबद्दल बोलायचे शब्द आपले नाहीत, म्हणून मी गप्प बसते." ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

काल सोनोमातल्या ड्राय क्रीक व्हॅलीत गेलो होतो. तिथले झिन्फन्डेल नावाच्या काळ्या द्राक्षाचे जुने वेल तारेवर चढवलेले नाहीत. जाड, पिळदार खोडांवर बुटक्या झुडपांसारखे उभे आहेत. तुझ्या बागेतला मांडव आठवला. या द्राक्षाचा घड एकसारखा पिकत नाही. शेजारीशेजारी एक मणी हिरवा, एक तयार, एक सुकून मनुका झालेला! हिरव्यांसाठी थांबावं तर बाकीच्यांत साखर चढत राहते, आणि आंबताना त्याच साखरेचं अल्कोहोल होतं. म्हणून बाटलीवर 15 टक्के सहज दिसतात.

पहिल्या घोटाला मला करवंदं आठवली. काळीभोर, उन्हात तापलेली. मागून मिरी, आणि घशात ऊब. तिथल्या पत्रकात ब्लॅकबेरी लिहिलं होतं. ब्लॅकबेरी मी तिशीनंतर पहिल्यांदा खाल्ली गं. करवंदं तर आपण फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायचो.

डेव्हिसच्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल नावाच्या प्राध्यापक होत्या. त्यांनी 1984 मध्ये वाइनच्या वासांचं एक चक्र छापलं. त्यांचा आग्रह हाच, की 'सुरेख', 'राजस' असं मोघम बोलू नका, नाकाला ओळखता येईल अशा वस्तूचं नाव घ्या. मग वस्तू आपल्या का नकोत? नापा खोऱ्यातल्या कॅबर्ने सॉव्हिन्यों या लाल वाइनला ओकच्या पिंपातून लवंगेचा वास येतो, कारण लवंगेतलं युजेनॉल हे वासाचं द्रव्य त्या लाकडातही असतं. अमेरिकन ओक असेल तर ओल्या खोबऱ्याचाही. द्राक्षं जरा कमी पिकलेली असली की ढोबळी मिरची चिरल्यासारखं वाटतं. हे सगळं तुझ्या ओट्यावर आहे.

आणि तुरट! टॅनिन, म्हणजे वाइनमधलं तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून जीभ खरखरीत होते. इंग्रजीत त्याला शब्द आहे, पण तो लहान मुलांच्या तोंडी नसतो. आपल्याकडे आवळा चावलेलं पोरही 'तुरट' म्हणतं. पेटिट सिराह ही दुसऱ्या द्राक्षाची लाल वाइन प्यायले तेव्हा तर थेट जांभूळच. त्या द्राक्षाचे मणी बारीक, त्यामुळे रसाच्या मानाने साल जास्त. रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीतून उतरतात. आरशात पाहिलं तर दात जांभळे झाले होते.

नाशिकलाही झिन्फन्डेल होतं. एक बाटली आण. तुमच्या उन्हाळ्यात ती फडताळातून काढून तशीच ओतू नकोस, नुसतं अल्कोहोल नाकात जाईल. अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेव. सोबत मटण कर, तिखट बेताचं, कारण तिखटाने घशातली आग वाढते. पत्रक वाचायच्या आधी जे आठवेल ते मला लिही. करवंदं लागतात का, एवढं तरी कळव.

तुझीच,
शुभा